भोर-वेल्ह्याचा झिजता कातळ आणि कॅमेरा



भोर आणि वेल्हे या तालुक्यांत दगडाला तोटा नाही. वेल्ह्याचे सरकारी नाव आता राजगड तालुका झाले आहे, पण एसटीत आणि बाजारात अजून वेल्हेच चालते. पुणे जिल्ह्याच्या या नैर्ऋत्य कोपऱ्यात नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंद या नद्यांची खोरी एकमेकांना लागून आहेत, आणि खोऱ्यांच्या मधल्या डोंगरधारांवर तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर अशी ओळखीची नावे आहेत. पश्चिमेला डोंगर एकदम तुटतो आणि खाली कोकण सुरू होते. या साऱ्या भागाचा खडक एकच, काळा कातळ, म्हणजे बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत आला आणि थरावर थर निजत गेला. झीज होऊनसुद्धा त्याचा पसारा आजमितीला सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर उरला आहे.

खडक एक, तर मग आकार इतके निरनिराळे का? एका ठिकाणी गुळगुळीत गोटे, दुसऱ्या ठिकाणी ताशीव कडा, तिसऱ्या ठिकाणी आरपार भोक, चौथ्या ठिकाणी एकटाच सुळका. कॅमेरा घेऊन डोंगरात जाणाऱ्याला हा प्रश्न पडला नाही, तर त्याच्या हाती येतात त्या फक्त दगडाच्या छब्या. उत्तर थोडक्यात असे, की पाणी जिथून आत शिरले तिथून खडक गेला आणि जिथे शिरू शकले नाही तिथे तो राहिला. झिजलेल्या खडकाचे छायाचित्र म्हणजे या पाण्याच्या वाटेचे छायाचित्र, आणि पुढचे सारे विवेचन या एका विधानाभोवती फिरणारे आहे.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. शाळेच्या भूगोलात विदारण आणि झीज हे दोन शब्द वेगवेगळे शिकवतात आणि परीक्षा संपली की दोन्ही एकच होऊन जातात. विदारण म्हणजे खडक आहे त्या जागीच फुटणे, सुटा होणे, कुजणे. झीज म्हणजे सुटलेला माल वाहत्या पाण्याने किंवा वाऱ्याने उचलून नेणे आणि नेताना उरलेला खडक घासणे. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जे प्रसिद्ध रांजणखळगे आहेत, ते झिजेचे काम. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगरत राहिले आणि त्यांनी तळ कोरला. नसरापूरजवळ बनेश्वराच्या मागे ओढ्याने कातळ कापला आहे, तोही झिजेचाच नमुना. पण घाटाच्या रस्त्यावर, कोरड्या उतारावर, जिथे नदी कधी आलीच नाही तिथेही गोल दगड दिसतात. ते कोणी घासले? कोणीच नाही. ते जागच्या जागी गोल झाले आहेत.

ही गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. उभ्या-आडव्या भेगांनी खडकाचे चौकोनी ठोकळे पाडलेले असतात. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून अधिक मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि भेगांतून मुरते. बसाल्टमधील फेल्डस्पारची त्याने हळूहळू चिकणमाती होते, लोहयुक्त खनिजांना गंज चढतो. आता ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच अंगाने काम करते, कडेवर दोन अंगांनी आणि कोपऱ्यावर तीन अंगांनी. साहजिकच कोपरे आधी जातात, मग कडा, आणि चौकोनी ठोकळा आतल्या आत गोल होत जातो. कुजलेला भाग कांद्याच्या पापुद्र्यांसारखा एकावर एक सुटतो आणि मधोमध घट्ट, निळसर काळा गाभा राहतो. याला गोलाभ विदारण म्हणतात. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना, हिर्डोशीच्या अलीकडे-पलीकडे रस्त्यासाठी डोंगर कापलेला आहे. अशा कापात हा प्रकार उभ्या छेदात पाहायला मिळतो. बाहेर तपकिरी मुरूम, त्यात पिवळसर पापुद्रे, त्यांच्या आत गाभ्याचा गोटा. पुढे पाऊस मुरूम धुऊन नेतो आणि गोटे उतारावर मोकळे पडतात. जाणाऱ्याला वाटते, कधी काळी इथे नदी असावी.

अशा कापाचे छायाचित्र घेताना बहुतेक जण नेमका सुटा, देखणा गोटा निवडतात. तो निवडू नये. अर्धा खडकात अडकलेला, एका बाजूला पापुद्रे आणि दुसऱ्या बाजूला अजून शाबूत भेग असलेला गोटा निवडावा. त्या एका चौकटीत ठोकळ्याचा गोटा होण्याचा सगळा क्रम येतो.

थंड प्रदेशात पाणी भेगांत गोठते, फुगते आणि खडक फोडते, असे पुस्तकांत पहिल्याच पानावर असते. सह्याद्रीत त्याचा संबंध नाही. इथे चार महिने पाऊस आणि त्यानंतर एप्रिल-मेमधील तापता कातळ हेच दोन मोठे हात. घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड पडतो आणि पूर्वेकडे येईपर्यंत त्याचा फार थोडा भाग उरतो. तीस-चाळीस किलोमीटरच्या अंतरात विदारणाची चाल बदलते. माथ्यावरच्या कड्यांशी उंबर-पिंपळाची मुळे आणि शेवाळ मदतीला असतात, तर पूर्वेकडच्या उघड्या टेकड्यांवर उन्हाने निघालेल्या कपच्या जास्त. पांढुरके, करडे, हिरवट दगडफूलही (तेच, गोड्या मसाल्यातले, आणि त्याचे न खाण्याजोगे भाऊबंद) खडकाच्या पृष्ठभागावर आम्ल सोडत बसलेले असते. त्याचे काम अतिशय सावकाश चालते.

आता दुसरा मोठा मुद्दा, थरांचा. लाव्हा एकाच वेळी ओतला गेला नाही. दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळ काळ गेला, तेवढ्यात वरचा पृष्ठभाग कुजून माती झाली आणि पुढच्या तप्त लाव्ह्याने ती भाजून लाल केली. असे लाल थर कड्यांत आडव्या पट्ट्यासारखे दिसतात. विहीर खोदणारे त्याला गेरू म्हणतात. त्यांच्याच भाषेत सच्छिद्र, पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या थराला मांजऱ्या म्हणतात आणि घट्ट थराला काळा कातळ. भूशास्त्रज्ञ आपल्या वर्गीकरणात या भागाजवळच्या पोलादपूर, अंबेनळी अशा नावांचे गट करतात, ते रासायनिक घटकांवरून. छायाचित्रकाराला मात्र विहीरवाल्याची विभागणी अधिक उपयोगी पडते, कारण ती डोळ्यांना दिसते. काळा कातळ उभा कडा होऊन राहतो. मांजऱ्या आणि गेरू लवकर खचतात, आत जातात, त्यांच्या जागी पायरी पडते आणि पायरीवर माती साचून गवत येते.

म्हणून ऑक्टोबरात तोरण्याच्या किंवा राजगडाच्या कड्याकडे समोरच्या खोऱ्यातून पाहावे. कातळ उघडा, पायऱ्या गवताच्या. पिवळे पडू लागलेले गवत कमकुवत थर नेमका दाखवते. ऑगस्टमध्ये सगळेच हिरवे असल्याने हा भेद पुसला जातो. मार्चनंतर वणव्यांनी गवत जळते आणि धुरकट हवेत कडे फिके पडतात. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ या कामाला सर्वांत चांगला. हिरव्यागार डोंगरांची पावसाळी छायाचित्रे अमाप निघतात आणि त्यांत खडकाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही, हे जरा कठोर वाटले तरी खरे आहे.

थरांचा हा खेळ समजला की या भागातले सर्वांत प्रसिद्ध भोक समजते. राजगडाच्या सुवेळा माचीवर, हत्ती प्रस्तर नावाच्या खडकात आरपार नेढे आहे. लोक सांगतात, वाऱ्याने पाडले. वारा तिथे जोराचा असतो, त्यामुळे कल्पना पटते. पण वाळूशिवाय वारा बसाल्ट कापत नाही आणि सुवेळा माचीवर वाळवंट नाही. जास्त पटणारे कारण असे, की डोंगरधार अरुंद, वरचा थर घट्ट आणि त्याच्या पोटातला थर कच्चा. दोन्ही अंगांनी पाणी मुरत गेले, कच्चा भाग कुजून कपच्या पडत राहिल्या, दोन्हीकडच्या खोबणी आत सरकत एकमेकींना मिळाल्या. वरचा घट्ट थर छत म्हणून टिकला. वाऱ्याचे काम एवढेच, की सुटलेला भुगा तो तिथे साचू देत नाही. अकोले तालुक्यात रतनगडावर आणि रायगड जिल्ह्यात इर्शाळगडावरही अशी नेढी आहेत आणि तिन्ही ठिकाणी धार अरुंदच आहे.

नेढ्याची छायाचित्रे हजारांनी निघाली आहेत. बहुतेकांत आत बसलेला माणूस आणि पलीकडचे आभाळ. त्यात खडकाचे काय उरते? काळी चौकट. आभाळ आणि नेढ्याची आतली बाजू यांच्या उजेडात इतके अंतर असते, की एकाच उघडझापेत दोन्ही साधत नाहीत. पहाटेनंतर, ऊन तिरपे आत येते त्या थोड्या वेळात आतली भिंत उजळते. तेव्हा छताखालचा खचलेला थर, त्यातल्या सुटत्या कपच्या आणि वरच्या कातळाची सरळ रेघ एकत्र दिसते. ते चित्र घेण्यासारखे आहे. तेवढे ऊन मिळाले नाही, तर ट्रायपॉडवर तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रे घेऊन नंतर जुळवावीत. एक सूचना याच ठिकाणी द्यायला हवी. अशा कपारींत आग्यामोहोळ असते. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा किंवा ड्रोनचा आवाज म्हणजे साऱ्या गडावरच्या लोकांवर संकट ओढवणे होय. ड्रोनला परवानगी लागते ती वेगळीच.

हत्ती प्रस्तर या नावावरून आणखी एक गोष्ट निघते. खडकात हत्ती, सिंह, ऋषी, नाग दिसतात आणि लोक त्यांना नावे देतात. नावे गोड असतात, वाट सांगायला उपयोगी पडतात. छायाचित्रात मात्र हत्ती दिसावा म्हणून कोन शोधू लागले, की सोंडेला अडथळा होणारी भेग चौकटीबाहेर जाते, आणि ती सोंड घडवणारी भेग बहुधा तीच असते. तोरण्याच्या बुधला माचीचे उदाहरण घ्यावे. तिथला सुळका उपड्या बुधल्यासारखा दिसतो, म्हणून नाव पडले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत नुसता सुळका घेतला, की बुधला मिळतो. थोडे मागे सरून माचीची सगळी धार घेतली, की कळते, हा सुळका एकेकाळी सलग असलेल्या थराचा उरलेला तुकडा आहे. आजूबाजूचा थर गेला, हा राहिला. मोहरीजवळच्या रायलिंग पठारावरून समोर दिसणारा लिंगाणा हेच मोठ्या प्रमाणावर दाखवतो. लिंगाणा रायगड जिल्ह्यात असला, तरी त्याला पाहण्याची उत्तम जागा वेल्ह्याच्या बाजूला आहे. सुळका आणि पठार यांच्यामधली खोल खाच चौकटीत आलीच पाहिजे, कारण तुटण्याची गोष्ट त्या खाचेत आहे.

उजेडाकडे वळताना एक रूढ समजूत तपासावी लागते. सकाळ-संध्याकाळचे ऊन चांगले, दुपारचे वाईट, असे प्रत्येक कॅमेरेवाला सांगतो. हे जमिनीवर पसरलेल्या खडकाबाबत खरे आहे. तिरपे ऊन सपाट कातळावरून घसरत जाते आणि प्रत्येक खड्डा, प्रत्येक पापुद्रा आपली सावली टाकतो. पण उभ्या कड्याचे काय? उभ्या कड्यासमोर सकाळचा सूर्य आला, तर उजेड त्याच्या तोंडावर सरळ आदळतो आणि कडा सपाट दिसतो. कड्यावरून घसरणारा उजेड दुपारचाच असतो. भोरच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्या दिवसांत बाराच्या सुमारास कड्याच्या प्रत्येक पायरीखाली आडवी सावली पडते आणि थर मोजता येतील इतके सुटे होतात. उन्हाचा त्रास होतो, हवा धुरकट असते, हे मान्य. पण जवळच्या कड्यासाठी ही वेळ सोडू नये. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि उत्तरेकडे तोंड असलेले कडे सावलीतच राहतात, त्यांच्यासाठी मे-जून हाच हंगाम. कोकणाच्या बाजूचे, मढे घाटासारखे कडे दुपार कलल्याशिवाय उजळत नाहीत.

काळ्या रंगाची एक निराळीच अडचण आहे. कॅमेऱ्यातला मीटर समोर जे असेल ते मध्यम करडे धरतो. त्याच्या हिशेबाने काळा कातळ करडा व्हायला हवा, म्हणून तो उजेड वाढवतो आणि बसाल्ट सिमेंटसारखा येतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करून, हिस्टोग्राम डावीकडे चिकटत नाही ना हे पाहून घ्यावे. रॉ फाइल असेल, तर सावलीतला तपशील नंतर काढता येतो. छिद्र एफ ८ ते एफ ११ ठेवावे. एफ २२ ला सारे स्पष्ट येते असे वाटते, पण प्रकाशाच्या विवर्तनाने बारीक पोत उलट मऊ होतो, आणि इथे तर पोतच हवा आहे.

कृष्णधवल छायाचित्रणात खडकांचे नाव निघाले, की अमेरिकेच्या अँसल अ‍ॅडम्स यांचे नाव येते. १० एप्रिल १९२७ रोजी त्यांनी योसेमिटीतील हाफ डोम या प्रचंड कड्याचे छायाचित्र आधी पिवळ्या आणि मग लाल फिल्टरने घेतले. लाल फिल्टरने आभाळ जवळजवळ काळे झाले आणि फिका ग्रॅनाइट त्यावर उठून आला. तेच तंत्र उचलून राजगडावर वापरले तर? आभाळ काळे, कडाही काळा, दोन्ही एकमेकांत मिसळतात. गडद खडकाला फिके आभाळ लागते. सकाळचे धुके, पावसाळ्याच्या अखेरचे पांढुरके ढग, हीच बसाल्टची खरी पार्श्वभूमी. ग्रॅनाइटच्या देशातले नियम बसाल्टच्या देशात तपासल्याशिवाय चालवू नयेत.

ओल्या खडकाची गोष्ट वेगळी. ओला कातळ अधिक काळा होतो आणि त्याच वेळी चमकतो. पोलरायझर फिरवला की चमक जाते, खाली दडलेला तपकिरी-हिरवा रंग वर येतो. मात्र सगळी चमक काढली, तर दगड मेलेला दिसतो, कारण ओल्या पृष्ठभागाचा चढउतार चमकेवरूनच कळतो. फिल्टर अर्धाच फिरवावा.

रंगाचा प्रश्न सर्वांत कठीण आहे रायरेश्वरावर. शिवाजी महाराजांनी १६४५ साली इथे स्वराज्याची शपथ घेतली, अशी परंपरा आहे, त्यामुळे गर्दी मंदिराकडे असते. पठारावरची रंगीबेरंगी माती मात्र विदारणाचे शेवटचे पान उघडून दाखवते. बसाल्टमधील विरघळणारे घटक पावसाने धुऊन नेले, लोह मागे राहिले आणि गंजाच्या निरनिराळ्या अवस्थांनी लाल, पिवळे, तपकिरी, जांभळट असे रंग चढले. सात रंगांची माती म्हणून तिची ख्याती आहे. हे रंग फोनच्या पडद्यावर भडक होतात, कारण फोन लाल रंग आपण होऊन वाढवतो. ढगाळ उजेड निवडावा, एका चित्रात करडे कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स बसवावा आणि माती कोरडी होती की ओली हे लिहून ठेवावे. तीच माती ओली झाली, की दोन छटा गडद दिसते.

माप हा अनेकांना कंटाळवाणा वाटणारा मुद्दा, पण त्याविना चित्र निरुपयोगी ठरते. खडकाला स्वतःचे माप नसते. हाताएवढा गोटा आणि घराएवढा धोंडा छायाचित्रात सारखेच दिसतात. भूशास्त्रज्ञ हातोडा ठेवतात. जवळच्या चित्रात नाणे चालेल, कड्याच्या चित्रात माणूस हवा. वाइड लेन्स पुढचा दगड फुगवते, टेली लेन्स मागचे थर जवळ ओढते, म्हणून कोणती लेन्स वापरली याची नोंद असावी. गडावर तर मापाची तयार सोय आहे, ती म्हणजे तटबंदी. राजगडाच्या संजीवनी माचीची चिलखती तटबंदी सतराव्या शतकातली. घडीव दगडांवर टाकीचे घाव अजून ओळखू येतात. शेजारच्याच नैसर्गिक कातळाचे पापुद्रे हातात येतात. एकाच चौकटीत दोन्ही घेतले, की घट्ट बसाल्टवर साडेतीनशे पावसाळ्यांचा परिणाम किती थोडा आणि भेगाळलेल्यावर किती जास्त, हे न सांगता कळते. फक्त ताजा पृष्ठभाग दिसावा म्हणून कपची काढण्याचा मोह आवरावा. राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ पासून मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांत जागतिक वारसा म्हणून नोंदलेला आहे.

आता जुन्या नोंदींकडे पाहावे. कर्नल साइक्स यांनी १८३०च्या दशकात दख्खनच्या भूरचनेवर लिहिले, तेव्हा छायाचित्रणाची घोषणाही झाली नव्हती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे हिंदी छायाचित्रकार तिच्यात होते. त्या पिढीचा कॅमेरा लेणी, देवळे आणि माणसे यांच्याकडे वळला. साधा कातळ, ज्यावर कोणी काही कोरले नाही, तो त्यातून बहुधा सुटला. एका जागी उभे राहून काढलेली जुनी आणि नवी छायाचित्रे शेजारी ठेवली तर विदारणाचा वेग कळू शकतो, पण त्यासाठी जुने चित्र हवे.

अशा नोंदीचे काम आता सुरू करता येण्यासारखे आहे. वरंधा घाटात जवळपास दर पावसाळ्यात दरडी येतात आणि रस्ता बंद होतो. पडलेल्या जागेचा ताजा खडक निळसर करडा असतो, त्यावर गंज नसतो, दगडफूल नसते. पाच-सात वर्षांत तो तपकिरी होऊ लागतो. उभे राहण्याची जागा, उंची, लेन्स, दिशा, तारीख, तास आणि आधीचा पाऊस एवढी नोंद चित्राबरोबर ठेवली, तर पुढच्या वर्षी कोणीही तिथे जाऊन तेच चित्र पुन्हा घेऊ शकतो. पहिले चित्र मेअखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी घ्यावे. दुसरे दिवाळीच्या सुमारास, कडे वाळल्यावर.